उजवीकडची खिडकी

विमानाचं तिकीट काढायला मुकादम स्वतः दुकानात निघाले, तेव्हा घरात सगळ्यांनाच नवल वाटलं. मुलगा म्हणाला, "अहो बाबा, फोनवर निघतं ते. बसल्या जागी."

"मला माणसाकडून काढायचंय," मुकादम म्हणाले आणि चपला घालून जिना उतरले.

काम सोडून वर्षं लोटली होती, तरी गल्लीत त्यांना सगळे मुकादमच म्हणत. तिकिटाच्या दुकानातल्या चष्मेवाल्याने पडद्यावर विमानाचा आराखडा उघडला. नुसते लहान लहान चौकोन.

"आजोबा, कडेची घ्या, येण्याजाण्याच्या वाटेवरची. या वयात सारखं उठावं लागतं."

"खिडकी हवी. उजवीकडची. पंखाच्या पुढची."

"सकाळच्या विमानात उजवीकडे ऊन येतं हो. लोक डावी मागतात. डोंगर दिसतात तिकडून, बर्फाचे."

"डोंगर राहू देत. डोंगर काय मी बांधलेत?"

चष्मेवाला हसला. "मग उजवीकडे काय बांधलंय तुम्ही?"

"आहे थोडं," मुकादम म्हणाले आणि खिशातून पैशाचं पाकीट काढायच्या निमित्ताने त्यांनी मान खाली घातली.

उजवीकडे मिठागर होतं. मुकादम तरुण असताना तिथे वाफे आखायचं काम करत. दोन खुंट्या ठोकायच्या, मधे दोरी ताणायची, दोरीच्या रेषेत मातीचा बांध घालायचा. एका सकाळी समुद्राच्या बाजूने डोक्यावर पाण्याची कळशी घेऊन एक मुलगी आली आणि मुकादमांच्या हातून खुंटी भलतीकडेच ठोकली गेली. बांध मधेच वाकला. साहेबाच्या ध्यानात येईपर्यंत वाफ्यात पाणी सोडून झालं होतं. साहेबाने आरडाओरडा केला, पण बांध राहिला तो राहिलाच. ती मुलगी पुढे त्यांची बायको झाली.

जन्मभर तिने त्यांना त्यावरून चिडवलं. "लोकांच्या लग्नाचे फोटो असतात, आमचा बांध आहे," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. "वरून देवाला दिसत असेल, यांची नजर कुठे होती ते." आणि मग मुकादमांकडे वळून, "एकदा विमानात बसवा बाई मला. बघू तरी द्या किती वाकडा आहे तो."

ते राहून गेलं. ती गेली. मिठागरही बंद झालं. भोवती पत्र्याचं कुंपण आलं आणि आत मातीचे ट्रक रिकामे होऊ लागले. तिथे गोदामं व्हायची होती. आणि मुकादम आता लेकीकडे कायमचे राहायला निघाले होते, कारण लेकीचं घर तळमजल्यावर होतं आणि त्यांच्या छातीला जिने झेपेनासे झाले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, विमानाने जा, पण एकदाच. सारखी ये-जा नको. म्हणजे वरून बांध बघायचा तर ही एकच वेळ होती. पण या वयात बायकोच्या आठवणीपायी खिडकी अडवून बसायचं, हे मुलासुनेला सांगायची त्यांना लाज वाटली. त्यांनी सांगितलं नाही.

त्यांची सून देवभोळी होती आणि बोलायला इतकी हळू, की तिचा आवाज शेजारच्या खोलीत पोचत नसे. तिचा एक नेम होता. लहानपणी आईने दिलेला. सकाळी देवापुढे हात जोडून झाले की मनात एक माणूस धरायचा आणि दिवस मावळायच्या आत त्याच्यासाठी एक काम करायचं, त्याला कळू न देता. कळलं की नेम मोडला. कधी ती शेजारणीचा जिना झाडून ठेवी, कधी खालच्या म्हाताऱ्या शिंप्याच्या कुंड्यांना पाणी घाली. अलीकडेच तिने मुकादमांच्या कोटाच्या बाहीची गेलेली गुंडी लावून टाकली होती. ती गुंडी त्यांनीच काढली होती, मनगट सुजतं म्हणून. त्यानंतर कोट घालताना ते हात आखडून घेत. बोलले मात्र नाहीत. सुनेला वाटलं, थंडी वाजत असेल.

जायचा दिवस जवळ आला तशी तिच्या मनात एकच गोष्ट घोळू लागली. बाबांसाठी जाता जाता काय करावं? पोचवायला तीच जाणार होती, कारण नवऱ्याला सुट्टी नव्हती. तिने शेजारच्या नर्सबाईंना गाठलं. त्या बहिणीकडे वर्षातून दोनतीनदा विमानाने जात आणि त्याबद्दल विचारलं की त्यांची कळी खुलत असे.

"कुठली जागा दिलीय?" नर्सबाईंनी विचारलं.

"उजवीकडची खिडकी."

"अगं देवा! कुणी दिली उजवी? तोंडावर ऊन आणि खाली चिखल. थोड्या वेळाने नुसता समुद्र. डावी घे, डावी. आणि पंखावरची नको, पंख सोडून दुसरं काही दिसत नाही. रांगही बघून घे हं. काही रांगांना खिडकीच नसते. भिंतीकडे तोंड करून बसायचं, शाळेत शिक्षा केल्यासारखं."

"डावीकडून डोंगर दिसतात का हो?"

"दिसतात? मागच्या खेपेला माझ्या शेजारची बाई ते बघून रडली. खरंच सांगते. मी रुमाल दिला तिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेने देवापुढे मनात बाबांना धरलं. नवरा आंघोळीला गेल्यावर त्याच्या फोनवर दुकानातून आलेलं तिकीट उघडलं. रांग चांगली होती, पंखाच्या पुढची. त्या तिकीटवाल्याला एवढी तरी अक्कल होती म्हणायची. रांग तिने तीच ठेवली आणि दोघांच्या जागा डावीकडे नेल्या. काम झालं तेव्हा तिला आतून ऊब आल्यासारखं वाटलं. दिवसभर ती ऊब तिने जपली. जेवताना मुकादम म्हणाले, "सूनबाई, आज खुशीत दिसतेस." ती म्हणाली, "काही नाही, बाबा," आणि त्यांना वाढायला उठली.

*

विमानात शिरताना मुकादम पुढे होते. त्यांनी रांग वर वाचली, उजवीकडे वळले आणि खिडकीपाशी जाऊन बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. रुमालाने काच पुसली. आतून पुसून झाल्यावर बाहेरूनही पुसता येते का, असं बघत असल्यासारखे वाकले. सून मागून बॅग घेऊन येत होती. ती काही बोलणार, तेवढ्यात करड्या कोटातला एक गृहस्थ रांगेपाशी थांबला.

"आजोबा, ही माझी जागा."

"नाही, माझी आहे," मुकादम हसून म्हणाले. "मी स्वतः काढलीय. माणसाकडून."

कोटवाल्याने आपला कागद दाखवला. मागे लोकांची रांग तुंबली. कुणीतरी म्हणालं, "काय चाललंय पुढे?" विमानातली मुलगी आली, तिने मुकादमांच्या हातातला कागद बघितला आणि गोड आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तुमची जागा पलीकडे आहे, आजोबा. डावीकडे."

आयुष्यभर मुकादम दुसऱ्याच्या जागेवर कधी बसले नव्हते. ते चटकन उठले, टोपी खाली पडली, ती उचलायला वाकले तर डोकं पुढच्या खुर्चीला लागलं. "माफ करा," ते म्हणाले. कोटवाल्याला म्हणाले, मग विमानातल्या मुलीला म्हणाले, मग मागे तुंबलेल्या लोकांनाही एकदा म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

"या ना बाबा, इकडे," सून हळूच म्हणाली. तिला वाईट वाटलं, पण गोंधळ मिटला याचं बरंही वाटलं. "इकडून डोंगर दिसतात."

"डोंगर?"

"बर्फाचे. सगळे हीच बाजू मागतात म्हणे."

मुकादमांनी तिच्याकडे बघितलं. मग डावीकडच्या खिडकीकडे. "बरं," ते म्हणाले आणि सरकत सरकत आत जाऊन बसले. ही काच त्यांनी पुसली नाही.

विमान धावायला लागलं तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरले आणि मान उजवीकडे वळवली. तिच्यावरून, वाटेवरून, पलीकडच्या दोन माणसांवरून त्यांची नजर त्या दुसऱ्या खिडकीवर लागली होती. सुनेला वाटलं, घाबरलेत. तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. "बाबा, बाहेर बघा. म्हणजे भीती नाही वाटत."

"भीती नाही गं."

जमीन सुटली. थोडं वर गेल्यावर विमान उजव्या अंगावर कललं. त्यांच्या खिडकीत नुसतं आभाळ राहिलं, रिकामं, पांढुरकं. आणि पलीकडच्या खिडकीतून एकदम उजेड आत आला. उन्हाचाच, पण गुलाबी. खाली पाणी असावं आणि त्यावरून उठून यावा तसा. तो विमानाच्या छतावर थरथरत हलला. मुकादम पट्ट्यात अर्धवट उठले. मान ताणली. त्यांचे ओठ थोडे उघडले.

कोटवाल्याने डोळ्यांवर हात धरला, "काय ऊन आहे," म्हणाला आणि खिडकीचा पडदा खाली ओढला.

मुकादमांच्या तोंडातून आवाज आला. फार लहान. पाय मुरगळला की माणूस करतो तेवढा. आणि ते परत बसले.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही."

"काही दुखतंय का? छातीत?"

"नाही गं पोरी." ते समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत राहिले. मग, जणू तिच्या आग्रहाला मान द्यायचा म्हणून, म्हणाले, "तिकडे मिठागर आहे आपलं. म्हटलं, दिसला तर बघावा बांध. तुझ्या सासूबाईंचा."

घरात त्या बांधाची गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती? सासूबाईंच्या तोंडून ती तिने इतकेदा ऐकली होती, की पुढे पुढे ऐकताना ती डबे पुसत असे. आता तिला सगळं एकदम दिसलं. दुकानात स्वतः जाणं. माणसाकडून काढायचंय. पुसलेली काच.

"म्हणून तुम्ही उजवी मागून घेतली होती?"

"असू दे. विमानवाल्यांनी बदलली असेल. त्यांचं काही खरं नसतं."

कबूल करायला तिला फार वेळ लागला नाही. पण तेवढ्या वेळात तिच्या मनात येऊन गेलं की विमानवाल्यांवर ढकलता येईल, आणि नेमही शाबूत राहील. नेमाचा विचार अशा वेळी आपल्या मनात आला, याचीच तिला शरम वाटली.

"मी बदलली, बाबा."

तिच्या हाताखालचा त्यांचा हात स्थिर होता. आणि तिच्या नजरेस ती बाहीची गुंडी पडली, घट्ट लावलेली, आणि तिच्याखाली सुजलेलं, लाल वळ उठलेलं मनगट. ती कितीतरी वेळ तिथेच बघत राहिली.

मग तिने पट्टा सोडला. "ताई, बसून घ्या," विमानातली मुलगी पुढून ओरडली. जन्मात कधी तिने चारचौघांत आवाज चढवला नव्हता. "अहो," ती वाटेवर उभी राहून कोटवाल्याला म्हणाली आणि तिचा आवाज तिलाच परका वाटला, "तो पडदा उघडता का? कृपा करून. माझ्या सासऱ्यांना बघायचंय."

लोकांनी माना वळवल्या. कोटवाला भला होता. त्याने पडदा उघडला, वर स्वतःची जागाही देऊ केली. पट्टे सोडायची परवानगी झाल्यावर मुकादमांना त्याने हात धरून खिडकीपाशी नेलं. "बसा, आजोबा. काय बघायचंय?"

खाली समुद्र होता. सगळीकडे सारखा. मुकादम त्याच्याकडे बघत राहिले, कारण तीन माणसं त्यांच्याकडे बघत होती.

"दिसलं का?" कोटवाल्याने उत्साहाने विचारलं.

"हो हो," मुकादम म्हणाले. "उपकार झाले तुमचे."

ते परत आपल्या जागेवर आले तेव्हा डावीकडे डोंगर दिसू लागले होते. नर्सबाईंनी सांगितलं होतं तसेच. पांढरे, एकामागे एक. विमानातली माणसं त्या बाजूला झुकून फोटो काढू लागली. मुकादमांनी टोपी घातली, खिडकीकडे तोंड केलं आणि ते डोंगर नीट बघितले. सुनेने आणलेली वस्तू नाकारायची नसते तसे.

"छान आहेत हो," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "छान आहेत."

तिला वाटलं, त्यांनी एकदा तरी रागावून बोलावं.

*

लेकीच्या घरी जेवायला बसल्यावर ते लेकीला सांगत होते, "अगं, डोंगर काय दिसले म्हणून सांगू! हिने खास जागा शोधून काढली. पंखाच्या पुढची."

"नशीब काढलंत बाबा," लेक म्हणाली. "अशी सून मिळायला भाग्य लागतं. आमच्याकडे बघा, सासूबाईंना मी चहा दिला तरी साखर मोजतात."

सगळे हसले. सून भात कालवत बसली. नणंद तिच्या ताटात वाढत राहिली आणि ती "पुरे, ताई" एवढंसुद्धा म्हणू शकली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती परक्या घरात एका कोपऱ्यात हात जोडून बसली. मनात कुणाला धरायचं हा प्रश्न नव्हता. पण डोळे मिटले की तिला दिसे ती जागा बदलली त्या दिवशीची स्वतःची ऊब. नेमाच्या नावाखाली तिने रोज स्वतःसाठी काहीतरी साठवलं होतं, आणि ज्याच्यासाठी काम केलं त्याला एक शब्द विचारला नव्हता. देवापुढे बसूनही देवाकडे बघवेना. ती उठली.

मुकादम मागच्या खोलीत खिडकीपाशी बसले होते. आधी तिने कात्री घेऊन त्यांच्या बाहीची गुंडी काढली. ते बघत राहिले.

"ही तूच लावली होतीस होय?" ते म्हणाले. "मी म्हटलं, ही परत आली कुठून!"

ते हसले. तिला हसता आलं नाही.

"बाबा," ती म्हणाली. "मी तुमच्यासाठी काय करू? तुम्ही सांगा."

असं विचारायची सवय तिला नव्हती आणि सांगायची त्यांनाही नव्हती. बाहेर कुणीतरी सायकल उभी केली.

"तू परवा जाणार," शेवटी ते म्हणाले.

"हो."

"दिवसाच्या विमानाने?"

"हो."

"येताना मिठागर उजवीकडे, तर परत जाताना डावीकडे येणार. उतरायच्या आधी." ते घसा खाकरले. खालमानेने, एखादं उसनं मागावं तसं बोलले. "तू बघशील का?"

मग त्यांनी टेबलावर बोटाने वाफे आखून दाखवले. ही खाडी, हे पंपघर, हा मोठा बांध, इथून दोरी निघाली आणि इथे, पंपघराच्या पुढे, वाक. ती मधे मधे विचारत राहिली. वाक केवढा? पंपघराचं छप्पर कसलं? ते सांगताना त्यांचा आवाज मोठा झाला. एकदा तर ते म्हणाले, "अगं तिकडे नाही, इकडे! लक्ष कुठे आहे तुझं?" आणि तिला पहिल्यांदा थोडा श्वास मिळाला.

*

परतीच्या विमानात तिने डावीकडची खिडकी मागितली. माणसाकडून. डोंगर उजवीकडे गेले. तिने मान वळवली नाही. विमान खाली येऊ लागलं तसं तिने कपाळ काचेला टेकवलं.

पहिल्यांदा खाडी आली. मग वाफे. गुलाबी, पांढरे, हिरवट, इतके सरळ आखलेले, की तिला सासऱ्यांचे हात आठवले. एका बाजूने तपकिरी माती चढत आली होती, ताटलीवर काही सांडावं तशी, आणि ट्रक मुंग्यांएवढे होते. पंपघराचं पत्र्याचं छप्पर चमकलं. त्याच्या पुढे एक रेघ सरळ येता येता मधेच वळली होती. अगदी थोडी. पुढे पुन्हा शहाण्यासारखी सरळ गेली होती. मग पंख खाली झुकला आणि सगळं मागे पडलं.

सामानाच्या पट्ट्यापाशी उभं राहून तिने फोन लावला. पहिल्याच घंटेला तिकडून उचलला गेला.

"दिसला का?" मुकादम म्हणाले.

"दिसला, बाबा. मला वाटतं तोच. चुकत असेन तर सांगा."

"पंपघर होतं?"

"होतं. छप्पर चमकलं."

"पाणी कसलं होतं वाफ्यात? पांढरं की गुलाबी?"

"गुलाबी."

"आणि वाक? कुठल्या अंगाला?"

"समुद्राच्या."

तिकडून नुसता श्वास आला, छातीत अडखळणारा.

"हं," ते म्हणाले. "तिकडूनच आली होती ती."

तिला सांगायचं होतं, की हे बघायचा हक्क माझा नव्हता, बाबा. मी तुमचं बघितलं. तिची बॅग पट्ट्यावरून समोर आली आणि पुढे निघून गेली.

"सूनबाई, आहेस ना?"

"आहे."

"फार वाकडा आहे का गं?"

"नाही, बाबा. थोडासाच."

"थोडासाच?" मुकादम जरा खट्टू झाल्यासारखे म्हणाले. मग म्हणाले, "परत सांग. खाडीपासून."

तिची बॅग पुन्हा आली. तिने ती जाऊ दिली आणि खाडीपासून सांगायला सुरुवात केली, मोठ्याने, आजूबाजूची माणसं ऐकत असताना.